हप्त्याच्या वहीत लेकराचं नाव

(आपल्या प्रभाग संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सामाजिक कृती समितीच्या ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींनी ते छापायला सांगितलं होतं. ताई जशा बोलल्या, तसंच देत आहोत.)



आत्ताच आपल्या लेखापाल ताईंनी अहवाल वाचला. बचत किती, कर्ज किती, परतफेड किती. परतफेडीचा आकडा ऐकल्यावर आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मला आज त्या अहवालात नसलेल्या एका गोष्टीवर बोलायचंय. आपल्या लेकरांवर. म्हणजे ज्यांचा बाप गेला, आई गेली, ज्यांना घरच्यांनी टाकलं, किंवा घर असूनही बघायला कुणी नाही, अशा लेकरांवर.

विषय मोठा आहे. सरकारचं धोरण, कायदा, योजना. पण मी सुरुवात माझ्या चुकीपासून करते. माझ्या एकटीची नाही, आमच्या सगळ्या गटाची चूक.

आमच्या गटात एक बाई आहे. नाव सांगत नाही. तिला विचारूनच ही गोष्ट सांगतेय. नवरा-बायको दोघं कोयत्यावर जायचे. मुकादमाची उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. २०१८ साली उसाच्या ट्रॅक्टरखाली येऊन तिचा नवरा गेला. इथं नाही, तिकडं कारखान्याच्या भागात, दवाखान्यात. मागे दोन लेकरं. पोरगी सातवीला, पोरगा पहिलीला.

बाया हो, त्या वर्षी आम्ही गट म्हणून काय केलं सांगू? भेटायला गेलो. रडलो. दहाव्याला प्रत्येकीनं धान्य दिलं. आणि पुढच्या महिन्यात बैठकीला ती आली नाही म्हणून वहीत तिच्या नावापुढं गैरहजेरीचा दंड लिहिला. दहा रुपये. मीच लिहिला, मी तेव्हा सचिव होते. तिच्याकडं गटाचं कर्ज होतं. हप्ता थकायला नको, गटाची प्रतवारी खाली यायला नको, याचीच आम्हाला चिंता.

दुसऱ्या हंगामात ती भावाच्या टोळीत गेली. पोरगी बरोबर, कारण कोपीवर भाकरी कोण करणार आणि धाकट्याला कोण सांभाळणार? पोरीची शाळा तिथं सुटली. आणि २०२० च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये, पोरीचं लग्न झालं. चौदाव्या वर्षी. मोजक्या माणसांत, दारातल्या दारात. त्या मोजक्या माणसांत मी होते. मी अक्षता टाकल्या. वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, बिचारीचं एक ओझं तरी हलकं झालं.

मागच्या वर्षी तीच पोरगी माहेरी परत आली. तिच्या पदरात आता दोन लेकरं आहेत. तिला आपल्या नव्या समूहात यायचं होतं, म्हणून फॉर्म भरायला माझ्यापुढं बसली. मी विचारत गेले, ती सांगत गेली. शिक्षण? म्हणाली, सहावी पास. मी लिहिलं. फॉर्म झाल्यावर आमच्या सीआरपी ताईंनी बाल संगोपन योजनेची माहिती सांगायला घेतली, तशी ती मध्येच बोलली, "मावशी, ही योजना आमचे बापू गेले तवा होती का?"

मला खोटं बोलता आलं नाही. होती. तेव्हा लेकरामागं महिन्याला ४२५ रुपये मिळायचे. थोडे होते, पण होते. त्यासाठी लेकरू शाळेत आहे का हे कुणीतरी येऊन बघितलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग सांगितलं का नाही कुणी?"

या प्रश्नानं मला झोपू दिलं नाही. आज मी जे बोलणार आहे, ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आता धोरण काय म्हणतं ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे.

आपल्या देशात २०१५ चा किशोर न्याय कायदा आहे. पूर्ण नाव किशोर न्याय, मुलांची काळजी व संरक्षण अधिनियम. नाव ऐकून वाटतं, हा चोऱ्या करणाऱ्या पोरांचा कायदा. तसं नाही. त्यात अठरा वर्षांच्या आतल्या दोन प्रकारच्या मुलांचा विचार आहे. एक, ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे. दुसरं, ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे. आपला संबंध जास्त करून दुसऱ्या मुलांशी येतो. ज्याला घर नाही, ज्याला कामाला जुंपलंय, ज्याला मारहाण होते, ज्याचे आईबाप सांभाळायच्या अवस्थेत नाहीत, ज्याचं अठराच्या आत लग्न लावायची तयारी चाललीय, ही सगळी लेकरं कायद्याच्या भाषेत 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालकं'. म्हणजे आमची ती पोरगी लग्नाच्या आधीच या कायद्यात बसत होती.

अशा लेकरांचा निर्णय करायला जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात बाई असलीच पाहिजे. या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. एखादं लेकरू एकटं सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याची खबर द्यावी लागते आणि त्याला समितीपुढं न्यावं लागतं. आपल्याच घरी ठेवून घेऊ, कुणाला तरी सांभाळायला देऊन टाकू, असं परस्पर करता येत नाही. मन कितीही चांगलं असलं तरी नाही. आपल्याकडं बाँड पेपरवर लिहून तान्हं लेकरू देतात. कायदा हे मानत नाही, यात शिक्षा होऊ शकते. आईला खरंच सांभाळणं शक्य नसेल, तर तिनं समितीपुढं यायचं. तिथं तिला फेरविचार करायला दोन महिने मिळतात.

आता या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लेकराला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलंय. आधी आई, नाही तर आजी, मामा, काका, नात्यातलं कुणी. पण आपण काय म्हणतो? "टाका आश्रमात, दोन वेळा जेवण तरी मिळेल." मीही असं म्हणत आलेय. पण घरात पैसा नाही एवढ्याच कारणासाठी लेकराला आईपासून तोडायचं नसतं. आईला पैशाचा आधार द्यायचा आणि लेकरू घरातच ठेवायचं. बाल संगोपन योजना त्याच्यासाठीच आहे.

आता पदराला गाठ मारून ठेवा.

आपल्या राज्यात या योजनेचं आताचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. ४२५ रुपयांचे आधी ११०० झाले आणि २०२३ साली २२५० रुपये झाले. दर महिन्याला, एका लेकरामागं, अठरा वर्षांपर्यंत.

कुणाला मिळतं? आपल्याला वाटतं, आई आणि बाप दोघंही गेले तरच. नाही! एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो. नवऱ्यानं टाकलेल्या, घटस्फोट झालेल्या बायांची लेकरं. आई किंवा बाप तुरुंगात असेल, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगासारखा मोठा आजार असेल, तरी. आता आपल्या मनात मोजा, आपल्या गटात अशा किती जणी आहेत. आमच्या गावात आम्ही मोजलं तर एका वस्तीतच सात लेकरं निघाली. एकाचाही अर्ज नव्हता.

केंद्र सरकारचं मिशन वात्सल्य आहे, त्यातही प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपयांची मदत आहे. त्याला ग्रामीण भागात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार रुपये आहे. आपलं लेकरू कोणत्या योजनेत बसतं ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारायचं. हा कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी, महिला व बालविकास विभागात असतो.

कागद कोणते? लेकराचं आणि पालकाचं आधार. शाळेचं बोनाफाईड. रेशन कार्ड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आई किंवा बाप गेले असतील तर मृत्यूचा दाखला. बँकेचं पासबुक. घरासमोर उभं राहून पालकाचा आणि लेकराचा फोटो. अर्ज दिला की गृहभेट होते, मग बाल कल्याण समितीचा आदेश होतो, मग खात्यावर पैसे. अर्जाला फी नाही. परत सांगते, फी नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. पण आपल्या बायांचं घोडं कुठं अडतं, ते मी अनुभवावरून सांगते.

त्या पोरीचा धाकटा भाऊ आता आठवीत आहे. तीच म्हणाली, "माझं झालं ते झालं, याचं तरी करा." आम्ही करायला घेतलं. पहिलीच अडचण, बापाच्या मृत्यूचा दाखला. आमच्या ग्रामपंचायतीत गेलो, तिथं नोंदच नाही. कशी असणार? माणूस जिथं मरतो तिथंच मृत्यूची नोंद होते. तो गेला तिकडच्या शहरातल्या दवाखान्यात, म्हणजे दाखला तिथल्या नगरपालिकेतून आणायचा. सात वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती बाई गावात दोनदा अर्ज देऊन गप्प बसली होती. शेवटी त्या भागात तोडीला असलेल्या तिच्या भावानं एक दिवसाची मजुरी बुडवली आणि दाखला काढला. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांनी हे पक्कं ध्यानात ठेवायचं. देव न करो, पण परगावी कुणी दगावलं, तर गाव सोडायच्या आधी नोंद झालीय का बघा आणि दाखल्याच्या दोन-तीन प्रती घेऊनच निघा.

दुसरी अडचण, उत्पन्नाचा दाखला. त्याला चार हेलपाटे. एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. चौथ्या वेळी एक माणूस भेटला. म्हणाला, दोन हजार द्या, दाखल्यासकट सगळं करून देतो. ती देणार होती! गटाकडं कर्ज मागायला आली, म्हणून आम्हाला कळलं. पाचव्या वेळी आम्ही तिघी जणी तिच्याबरोबर गेलो. ग्रामसंघाचं पत्र घेऊन गेलो. भांडलो नाही. टेबलासमोर उभं राहून विचारलं, अजून कोणता कागद कमी आहे तो लिहून द्या. दाखला तिसऱ्या दिवशी मिळाला.

तिसरी अडचण. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतीलच असं नाही. कधी चार-पाच महिने काही येत नाही, मग एकदम येतं. म्हणून या पैशाच्या भरवशावर कुणी कर्ज काढू नका. आणि गटानंही एक पाळायचं. हा पैसा लेकराचा आहे, तो हप्त्यात वळता करून घ्यायचा नाही. आमच्या गटात हा विषय निघाला होता, म्हणून सांगतेय.

पोराचा आदेश झाला. पहिले पैसे आले त्या दिवशी त्याच्या आईनं त्याला सायकलचं टायर-ट्यूब, वह्या आणि बूट घेतले. यंदा ती तोडीला गेली नाही. इथंच शेळ्या बघते आणि मजुरीला जाते. २२५० रुपयांत घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण पोरगं शाळेत राहिलं.

आता कुणी म्हणेल, ताई, हे तर सरकारचं काम. त्यासाठी माणसं आहेत, पगार आहेत. आपण आपला गट बघावा की गावाची लेकरं? प्रश्न बरोबर आहे. लेकरं पोसायची जबाबदारी सरकारचीच आहे, ती आपण आपल्या बचतीतून उचलायची नाही. पण जिल्ह्याच्या कार्यालयाला कुणाच्या घरात चूल पेटली नाही ते दिसत नाही. ते आपल्याला दिसतं. कुणाचा नवरा गेला, कुणाची पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही, कुणाच्या घरी पाहुणे बघायला येऊन गेले, हे आपल्याला पाण्यावरच कळतं. आपण फक्त कळवायचं आणि कागद पुरा होईपर्यंत बरोबर चालायचं.

आणि त्यासाठी गावात जागाही आहे. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी ताई सचिव. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा ताई आणि बचत गटाची प्रतिनिधी तिच्यात असते. आपापल्या गावात विचारा, समिती आहे का? शेवटची बैठक कधी झाली? आमच्या गावात समिती कागदावर होती. मी तिची सदस्य होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. हसू नका, तुमचंही नाव कुठं तरी असेल!

अडीअडचणीला १०९८ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो. मारहाण, बालमजुरी, पळवून नेणं, बालविवाह, काहीही असो. फोन करणारीचं नाव गुप्त ठेवतात. बालविवाहाचं तर आणखी एक सांगते. २००६ च्या कायद्यात नवरदेव, आईबाप, लग्न लावणारा यांच्यासकट लग्नात भाग घेणाऱ्यालाही दोषी धरलंय. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाईला तुरुंगवास नाही, असं त्यात म्हटलंय, पण दंड आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. म्हणजे मी त्या दिवशी अक्षता टाकल्या तेव्हा मी नुसती पाहुणी नव्हते. हे मला उशिरा कळलं. तुम्हाला आज कळलंय.

योजनेला सावित्रीबाईंचं नाव आहे, म्हणून त्यांची एक आठवण. १८६३ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवा बायांनी बाळाला किंवा स्वतःला मारू नये, तिथं येऊन बाळंत व्हावं, म्हणून. तेव्हा ना योजना होती, ना अनुदान. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं. आपल्याला तेवढं मोठं काम करायचं नाहीये. आज कायदा आहे, योजना आहे. आपल्याला फक्त एक अर्ज भरायला मदत करायचीय.

म्हणून सामाजिक कृती समितीतर्फे मी सभेपुढं तीन गोष्टी ठेवते. दशसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. त्यात शिक्षण आहे, शासकीय योजनाही आहेत. म्हणजे मी नवीन काही मागत नाही.

पहिली, प्रत्येक गटाच्या वहीत शेवटचं एक पान लेकरांचं. गटातल्या आणि वस्तीतल्या कुठल्या लेकराचा पालक गेलाय किंवा आजारी आहे, त्याचा अर्ज झालाय का, पैसे येतात का. हे पान गटाबाहेर वाचायचं नाही, लेकराची बदनामी होता कामा नये.

दुसरी, दर महिन्याच्या एका बैठकीत, हप्ते घेण्याच्या आधी, एकच प्रश्न विचारायचा. या महिन्यात आपल्या वस्तीतलं कुठलं लेकरू शाळेत दिसलं नाही? नाव निघालं की दोघी जणींनी त्या घरी जायचं. उपदेश करायला नाही, विचारायला.

तिसरी, दसऱ्याच्या आधी तोडीला जाणाऱ्या घरांतल्या लेकरांची यादी. ती मुख्याध्यापकांना द्यायची, म्हणजे गावात हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत जाईल. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे, त्याचीही चौकशी करायची. आजीजवळ राहून शाळा होत असेल तर सगळ्यात बरं.

हे मंजूर असेल तर हात वर करा. (सगळ्यांनी हात वर केले. ठराव मंजूर झाला.)

आता बसते. पण ती पोरगी आज इथं आलीय, मागच्या रांगेत, लेकरू मांडीवर घेऊन. तिच्या नव्या गटाची वही तिच्याकडंच असते. तिनं शेवटचं पान आखून ठेवलंय, मी काल बघितलं. पहिलं नाव तिनं आपल्या भावाचं लिहिलंय आणि पुढं लिहिलंय, अर्ज झाला. त्याच्या खाली चार नावं आहेत. त्यांच्यापुढं अजून काही लिहिलेलं नाही. ती चार घरं या आठवड्यात करायची आहेत. कोण येतंय आमच्याबरोबर, ते जेवणाच्या सुट्टीत सांगा.

जय जिजाऊ, जय सावित्री.